नीळकंठरावांचा कॅनडा

नीळकंठराव आयुष्यात एकदाच खोटं बोलले, असं ते स्वतः मानत. उभी हयात पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेली, पण सरकारी टाचणी कधी घरी आणली नाही. मात्र एकदाच बोललेलं ते खोटं असं नामी होतं, की त्याला रोज चारापाणी घालावं लागे. हिवाळाभर हे गृहस्थ सकाळी उठून मोबाइलवर टोरांटोचं तापमान बघत, आणि यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या कुंपणापाशी उभे राहून शेजारच्या मारोतरावांना सांगत, "आज उणे अकरा. पोरगी म्हणे, बर्फानं दारच उघडत नाही."

पोरगी, म्हणजे शाल्मली, कॅनडात नव्हतीच. ती कोचीत होती. पुण्याला नोकरी करताना तिनं सिबी नावाच्या केरळी मुलाशी लग्न केलं, तेही चर्चमध्ये, तेही घरी न विचारता. नीळकंठरावांनी फोनवरच सांगून टाकलं, की तुले या घरचं दार बंद. पुढे दिग्रसला एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, "पोरगी कुठं असते?" हे म्हणाले, "बाहेर असते." "बाहेर म्हंजे?" घास हातात राहिला, आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले, आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "कॅनडात."

एकदा गेली ती गेलीच. मग तिकडे जावयाला बढती मिळाली, घर झालं, घराला तळघर झालं. मारोतराव घाटंजीहून निवृत्त होऊन शेजारी राहायला आले. नव्या कॉलनीतल्या इतरांसारखंच त्यांनीही शाल्मलीला कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापुढे कॅनडा जास्तच फुलला. त्यांचा पुतण्या कपिल तिकडे शिकायला जायचं म्हणू लागला, पोरीचा नंबर मागू लागला, तेव्हा कुठे नीळकंठरावांना घाम फुटला. खरी गोष्ट अशी, की लेकीवरचा राग केव्हाच विरून गेला होता. तिला बघायला जीव तळमळत होता. पण तिला घरी बोलवायचं तर आधी कॅनडा मोडायला हवा, आणि तो मोडायचा तर साऱ्या कॉलनीपुढे आपण इतकी वर्षं थापा मारल्या हे कबूल करायला हवं. तेवढी छाती या माणसाला नव्हती. दुपारी ते झोपले की बायको, शीलाबाई, हळू आवाजात लेकीशी फोनवर बोलायच्या, कॅनडाच्या ताज्या बातम्याही तिला सांगायच्या, आणि ते झोपलेले नसायचे.

यंदा दिवाळी झाल्यावर कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं जहाजाची सहल काढली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपचं एक बेट बघायचं आणि परत फिरायचं. मध्ये जहाज कुठे थांबत नाही ना, हे नीळकंठरावांनी सहलवाल्याला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तो नाही म्हणाला. पण समुद्र काही पाटबंधारे खात्याच्या ताब्यात नव्हता. ऐन नाश्त्याच्या वेळी स्पीकरवरून सांगण्यात आलं, की बेटाजवळ लाटा मोठ्या असल्यामुळे तिथे उतरता येणार नाही, त्याऐवजी जहाज आज दिवसभर कोचीला लागेल. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शीलाबाईंचा उपम्याचा चमचा तोंडापाशीच थांबला आणि नीळकंठरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मले बरं नाही वाटून राह्यलं," खोलीत आल्यावर ते म्हणाले. "आपण दोघं जहाजावरच थांबू."

"तुमी थांबा. मी विजयमालाताईंसंगं जाईन." विजयमालाबाई म्हणजे मारोतरावांची बायको. पोटात शिरून माहिती काढण्यात या बाईंचा हात धरणारं यवतमाळात कोणी नव्हतं. शीलाबाई लुगड्याच्या निऱ्या नीट करत शांतपणे म्हणाल्या, "फोन झाला माहा. थे येऊन राह्यली, मासे धरायच्या जाळ्यांपाशी. लेकरू घेऊन."

"सगळ्यांसमोर? अवं, मारोतराव असन तिथं!"

"असू द्या. मी तुमचा कॅनडा नाही मोडणार. कोण आहे म्हणून कोणी विचारलं, तं तुमीच सांगा काय सांगायचं थे. मी तोंड उघडणार नाही."

आता जहाजावर थांबणं म्हणजे विजयमालाबाईंच्या हाती सगळं सोपवणं होतं, आणि जाणं म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत जाऊन अडकणं. नीळकंठरावांनी मंडळाची पिवळी टोपी डोक्यावर घातली आणि ते निमूट रांगेत उभे राहिले.

बसमध्ये गाईड काय काय दाखवत होता, यांना काही दिसलं नाही. ते मनातल्या मनात तीन शब्द घोकत होते. ही माझी मुलगी. एवढंच तर म्हणायचं. मारोतराव हसतील. चार दिवस कॉलनीत चर्चा होईल, मग लोकांना दुसरं काहीतरी मिळेल. जमेल, असं त्यांना खरोखर वाटायला लागलं होतं. फक्त घाम थांबत नव्हता. यवतमाळचं ऊन चटके देतं, पण तिथला घाम अंगावरच वाळून जातो. इथं तो वाळायचं नावच घेईना, सदरा पाठीला चिकटून बसला.

किनाऱ्यावर लाकडी दांड्यांना बांधलेली ती प्रचंड जाळी पाण्यात खाली-वर होत होती. मंडळी फोटो काढण्यात गुंतली. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक स्कूटर थांबली. पुढे उभी असलेली छोटी मुलगी आधी उतरली, मग हेल्मेट काढून शाल्मली उतरली. अंगानं भरली होती. कानापाशी थोडे केस पिकले होते, अगदी नीळकंठरावांच्या आईचे पिकायचे तिथेच. शीलाबाई धावतच गेल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. नीळकंठरावही पुढे झाले.

"कोण हो या?" विजयमालाबाई पाठोपाठ पोचल्याच होत्या. हातात शहाळं घेऊन मारोतरावही आले. "कोण पाहुणे, नीळकंठराव?"

शीलाबाईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. शाल्मलीही बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती थोडी हसत होती. नीळकंठरावांनी तोंड उघडलं. समोर मारोतरावांचा चेहरा होता, रोज सकाळी कुंपणापाशी टोरांटोची थंडी ऐकून हळहळणारा, भोळा, पूर्ण विश्वासाचा.

"शाल्मलीची मैत्रीण," ते म्हणाले. "संगं शिकत होत्या दोघी. आपल्याकडचीच आहे."

शाल्मलीचं हसू क्षणभर तिथेच राहिलं, नुसतं ओठांवर. मग तिनं आईकडे एकदा पाहिलं, ओढणी सावरली, वाकून नीळकंठरावांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "नमस्कार, काका."

तिच्या असल्या हुशारीचं लहानपणी त्यांनीच कौतुक केलं होतं. आज ती त्यांच्या मदतीला धावून आली, आणि त्यापेक्षा तिनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

"बोलणं होते का शाल्मलीशी?" मारोतरावांनी चौकशी केली. "कॅनडात लय थंडी म्हणतात."

"होते न काका. थंडी तं आहेच म्हणते. घरची आठवण येते म्हणते." मग ती लेकीकडे वळली. "नमस्कार कर बेटा. आजी आहे, आजोबा आहेत."

म्हाताऱ्या माणसाला कोणाचंही लेकरू आजोबाच म्हणतं, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मुलगी "आजोबा" म्हणाली आणि तिनं त्यांचं बोट धरलं. उचलून घ्यावं, तिच्या केसांत तोंड लपवून रडावं, असं नीळकंठरावांना फार वाटलं. पण परक्याच्या लेकराचे लाड तरी किती करणार? त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते जाळ्यांकडे बघत राहिले. बोट मात्र त्यांना सोडवेना.

शीलाबाई आणि शाल्मली एका कठड्यावर बसल्या, लगतच विजयमालाबाई. त्यामुळे बोलणं झालं ते इथे भाजी काय मिळते, तूरडाळ मिळते का, पाऊस किती पडतो, एवढंच. शीलाबाईंनी लेकीचा हात मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. शाल्मली एकदाही बापाकडे वळली नाही. गाईडनं शिट्टी वाजवली, तेव्हा ती उठली आणि तोंडभरून म्हणाली, "येत जा काकू, काका." सगळ्यांना पोरगी फार आवडली.

बस सुटली. शीलाबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. स्कूटर दिसेनाशी झाली तशा त्या वळल्या आणि पुढच्या-मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विजयमालाताई, संक्रांत झाली की महिनाभर इकडं येऊन राहीन, असं आहे माह्या मनात. त्या पोरीकडं. लय आग्रह करून राह्यली."

"जा न वहिनी. चांगली पोरगी आहे, मोकळी. कोणाची मनाई आहे?"

मनाई करणारा शेजारीच बसला होता. पण ओळखीच्या पोरीकडे जाऊ नको, असं तो साऱ्यांदेखत कोणत्या तोंडानं सांगणार? बायकोनं त्यांचंच खोटं उचलून त्यातून आपल्यापुरती वाट काढून घेतली होती, आणि त्या वाटेवर यांना कुठे जागा नव्हती.

मारोतराव मागच्या सीटवरून पुढे वाकले. "नीळकंठराव, तुमी बी जा न संगं. एकटे घरी काय करसान?"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. शीलाबाईंनीही मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, त्या नुसत्या वाट बघत होत्या. पण ज्याची लेक कॅनडात असते, तो माणूस तिच्या मैत्रिणीच्या घरी महिनाभर कोणत्या नात्यानं राहणार? विजयमालाबाई बघत होत्या. पुढचे दोघेही मागे वळून बघायला लागले होते.

"मी कायले जाऊ?" नीळकंठराव म्हणाले. "माही कोण लागते थे?"

"हे बी खरंच आहे," मारोतराव म्हणाले, आणि मागे टेकून बसले.