दहा मिनिटांचा पाहुणा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं, त्याची आधीच माफी मागते. शेजारच्या घड्याळवाल्या भाऊजींबद्दल लिहायचंय.

गुलमंडीत घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस बायकांशी मान वर करून बोलत नाही. रोज सकाळी ते गच्चीवर येतात आणि पत्र्याच्या मोजपट्टीचे तुकडे जोडून केलेला एरियल आभाळाकडं धरून हळूहळू फिरतात. कॉलेजच्या पोरांनी बनवलेला डब्याएवढा उपग्रह दहा मिनिटं आपल्यावरून जातो. त्याचा आवाज ते हौसेनं रेडिओवर ऐकतात आणि पोरांना कळवतात.

"आला का तुमचा पाहुणा?" माझी जाऊ चिडवते.

"येतो वैनी, टायमाला लई पक्का हाय," ते जमिनीकडं बघत सांगतात.

गेल्या आठवड्यात उपग्रह चार दिवस गप्प होता. "पोरांची मेहनत वाया जाती की काय," असं ते पुटपुटायचे. पाचव्या दिवशी नेमकी मी गच्चीवर दोरीला वाळत घातलेली ओली चादर त्यांच्या एरियलला आडवी येत होती. काढा म्हणायला ते लाजले, म्हणून मीच ती ओढून घेतली. थोड्या वेळानं खरखरीतून बारीक टूं-टूं ऐकू आलं.

"वैनी, जित्ता हाय!" सरळ माझ्याकडं बघून ते ओरडले.

मग त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढं लिहिलं, 'ऐकणारे दोघं'.