हात न लावता लिहिलेलं औषध

“त्याला बाहेरच बसव. चामड्याचा वास येतोय.”

डॉक्टर मान वर न करता बोलले. मी दादाला उठवलं, पडवीतल्या बाकावर बसवलं आणि एकटाच आत आलो. वर म्हणालो, “चुकलं, साहेब.”

दादा माझा थोरला भाऊ. कोल्हापुरात चपला करायचा. पन्हाळा बघायला आलेले पावणे त्याच्या हातचा जोड शोधत यायचे. त्याच्याच चामडं टोचायच्या आरीवर मी मॅट्रिक झालो, कचेरीत कारकून झालो. मग त्याला आवाज ऐकू येऊ लागले. दिवसभर भिंतीशी भांडायचा. ह्याच डॉक्टरांनी दिलेल्या हॅलोपेरिडॉलच्या गोळ्यांनी ते आवाज थांबले. हे मी नाकारत नाही.

पण पुढे दोन वर्षं दर महिन्याला तेच. दादा पडवीत, मी आत.

“ओरडतो का?”

“नाही, साहेब.”

“मारतो का?”

“नाही.”

“मग आहे तेच चालू ठेव.”

तो चालतो कसा, जेवतो कसा, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साहेब माझ्याशी बोलतात, यातच मला मोठेपणा वाटायचा.

एके दिवशी वहिनीनं आरी माझ्यासमोर टाकली. “भावजी, ह्यांच्या हातात ही ऱ्हाईना. घास तोंडापातूर जाईना, लाळ गळतीया. तुमी विंग्रजी वाचताय न्हवं? मग ह्यांचं त्वांड बी वाचा की!”

मी वाचलं. लाकडासारखा चेहरा. जीभ आतल्या आत वळवळत होती.

पुढच्या खेपेला मी दादाला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं.

“अरे, उठव त्याला! अक्कल आहे का?”

“उठणार न्हाई त्यो. हात धरून बघा त्याचा. मग लिहा.”

“तुम्हा लोकांना नोकऱ्या मिळाल्या, आता डॉक्टरकी शिकवणार मला?”

“व्हय.”

त्यांनी हात लावला नाही. आम्ही चिठ्ठी न घेता उठलो आणि थेट सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दादाचं मनगट धरून कोपर वाकवलं. ते अडकत, धक्के खात वाकलं. जीभ बघितली, झोपवून आणि उभं करून रक्तदाब घेतला. जुन्या चिठ्ठ्या वाचून म्हणाल्या, “हे सगळं गोळ्यांनीच झालंय. एवढ्या डोसवर दोन वर्षं? आणि कुणीच तपासलं नाही?”



गोळ्या एकदम बंद न करता त्यांनी हळूहळू कमी केल्या. हात बरेच सैल झाले. जिभेची वळवळ मात्र गेली नाही, आजही आहे. लोक बघतात, पोरं नक्कल करतात.

त्या पहिल्या डॉक्टरांनी दादाला शिवलं नाही. पण दादाला पडवीत मी बसवलं होतं, माझ्या हातांनी. त्याची माफी मी मागत नाही, कारण ती मिळू नये.

गल्लीतल्या कुणाला असलं औषध चालू असलं, की मी सोबत जातो. डॉक्टर चिडतात, बाहेर काढतात. मी पुन्हा आत जातो. अंगाला हात लावून तपासल्याशिवाय आमच्या माणसाच्या नावावर एक गोळी लिहू देणार नाही.