डोंगरगाडीतलं भूत

लेथखाली लोखंडाचा बुरा साठतो, तसे आमच्या कऱ्हाडच्या वर्कशॉपमध्ये किस्से साठायचे. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी नवे हजर! त्यातले निम्मे एकट्या डोंगरगाडीचे.

एरवी आम्ही उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचो. एकदा सांगलीचे गुलाबभाई दोन ट्रक लोखंड घेऊन दारात उभे राहिले. ही त्यांची जत्रेतली जुनी डोंगरगाडी. साखळीनं डबे उंचावर ओढायचे, तिथून रुळांवर सोडून द्यायचे, आणि मधल्या बोगद्यात भुतं.

"काय बिघडलंय?" आमचे मालक तात्या म्हणाले. तात्या फौजेत मेकॅनिक होते.

"गाडी ऱ्हाऊ द्या, भूत बिघडलंय! गेल्या साली रहिमतपुरात पोरं हसली वो. एकानं तर सांगाड्याला बिस्कुट दिलं!"

जत्रेतल्या जागा वाटायचे तिथले सुभेदार. त्यांनी निरोप धाडला होता, "यंदा पयल्या फेरीला मी बसणार. मी भ्यालो तर जागा तुमची. न्हाईतर दुसऱ्याची." आणि हा माणूस पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया बघून आलेला! वडिलांनी उभा केलेला खेळ आपल्या हातून बंद पडणार, म्हणून गुलाबभाईंना घास गिळवत नव्हता. आम्हालाही त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं.

* * *

आठ दिवस खपून आम्ही गाडी जोडली. शेवटी एक लोखंडी तुकडा उरला.

तात्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "जास्तीचा असंल. फेका कोपऱ्यात."

पहिली ट्रायल झाली. गाडी चढली, उतरली, थांबायच्या जागेवरून पुढं गेली आणि कुंपण मोडून शेजारच्या उसात शिरली. नशीब, आत कोणी नव्हतं.

तात्या शांतपणे म्हणाले, "आणा रं तो तुकडा. ब्रेक हाय तो."

* * *

मग वजन घालून ट्रायल. गुलाबभाईंनी सांगलीच्या पेठेतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणले. तीस-तीस किलोचा एकेक, सीटवर माणसासारखा बसवला. ट्रायल झकास झाली. मग सगळे जेवायला गेले आणि गूळ उन्हात राहिला.

परत येऊन आम्ही रवे उतरवले आणि तात्या ऐटीत पहिल्या डब्यात बसले. बसले ते बसलेच! दोघांनी ओढून काढलं, तेव्हा ते उठले आणि पँटचा मागचा भाग सीटवर राहिला. पुढं चार दिवस सोडा लावून घासत होतो, तरी मुंग्या रांगेनं फेरी मारून जायच्या.

* * *

भुताच्या किंकाळीसाठी भंगारातून एका कारखान्याचा जुना भोंगा मिळाला. सकाळी दहाला आम्ही तो वाजवून बघितला.

अर्ध्या तासानं एक शेतकरी तणतणत आला. "आवं, कुणी वाजीवला? शिवारातली समदी माणसं बारा वाजलं म्हणून कोयतं टाकून जेवाय बसली की!"

* * *

आमचा फिटर बाळू पस्तिशीचा, बिनलग्नाचा. धुक्यासाठी त्यानंच पंख्यापुढं हळदीची पूड धरायची शक्कल काढली आणि स्वतः गाडीत बसला. बोगद्यातून बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा!

तसाच सायकलवरून घरी गेला. आईनं दारातच अडवलं. "हळद लागली व्हय रं? आन् आमाला पत्ता न्हाई?"

त्यानंतर धुकं रद्द झालं.

* * *

राहिलं मुख्य भूत. ते शौकत पेंटरकडे. शौकत रहिमतपूरचाच, सुभेदारांच्या आळीत वाढलेला, त्यांच्याच शाळेत शिकलेला. त्यानं कवट्या काढल्या, सुळे काढले. आम्ही बघायचो आणि हसायचो.

शेवटी गुलाबभाई काकुळतीला आले. "शौकत, तुला जल्मात लय भ्या कुनाचं वाटलं रं? त्येच काढ गड्या."

शौकतनं रंगाचे डबे उचलले. मग पत्रा घेऊन आत गेला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, एक साधा म्हातारा! काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, हातात लाकडी पट्टी.

"ह्यात भूत कुठं हाय?" तात्या ओरडले.

"ऱ्हाऊ द्या तात्या," शौकत म्हणाला. चित्राकडे मात्र त्यानं पाठच केली होती.

दुसरं काढायला वेळही नव्हता. रहिमतपूरच्या मैदानात गाडी उभी राहिली. सुभेदार मिशीला पीळ देत एकटे पहिल्या डब्यात बसले. उतारावर हलले नाहीत. बोगद्यात भोंगा वाजला, तरी आतून आवाज आला, "ह्यॅ!" गुलाबभाईंनी डोळे मिटले.

मग आत शौकतच्या पत्र्यावरचा दिवा लागला. एकदम सगळं शांत.

गाडी बाहेर आली. सुभेदार डब्यात ताठ उभे होते. डोळे गच्च मिटलेले, उजवा हात पुढं, तळवा उघडा.

गाडी थांबली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. बारीक आवाजात म्हणाले, "गुरुजी, आता डावा करू?"