आईनं मोजलेले ठिपके

आमच्या घरात चटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, भोर–वेल्हे गाडीवर. प्रवासी जरा जास्तच खिडकीबाहेर बघायला लागला की याच्याकडे तिकीट नाही, हे त्यांचं पहिलं अनुमान. एकदा आई त्यांच्याच गाडीनं माहेरी निघाली, तर तिच्याकडेही त्यांनी पास मागितला आणि वरची तारीख वाचून मगच परत दिला. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला मात्र त्यात काही गैर वाटलं नव्हतं. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. मी तर पोटची पोर, मला दोन्ही लागले.

हा स्वभाव घेऊन मी पुण्याला मेंदूवर संशोधन करायला गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शास्त्रात संशय हा सद्गुण धरतात, त्यामुळे सुरुवातीला माझं फार बरं चाललं.

मेंदूतल्या दोन पेशी जिथं एकमेकींशी बोलतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. बोलणारी पेशी रसायन सोडते आणि ऐकणारीच्या अंगावर ते झेलणारे रिसेप्टर असतात, तिचे कानच म्हणा ना. आम्ही उंदराच्या पिल्लांच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायचो आणि एक विष घालून दोन दिवस सगळ्यांना गप्प करायचो. पण गप्प केलेली पेशी स्वस्थ बसत नाही. ऐकू येईनासं झालं की ती अंगावरचे रिसेप्टर वाढवते. शेजारच्या घरात एकदम शांतता झाली की आपण भाजी ढवळायची थांबतो, तसं. एवढं तोवर कळलेलं होतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. विष धुऊन काढलं, बोलणं पुन्हा सुरू झालं, तर वाढवलेले रिसेप्टर पेशी काढून घेते का, आणि किती वेळात? एका दिवसात, असं माझं म्हणणं होतं. माझी सगळी पीएचडी त्या एका दिवसावर उभी होती.

रिसेप्टर चमकवणारं औषध लावून पेशींचे फोटो घ्यायचे, मोठे काळे-पांढरे प्रिंट काढायचे आणि पेशीच्या ठरावीक लांबीच्या फांदीवर किती ठिपके दिसतात ते मोजायचं, असं काम असे. संगणकाला धूळ आणि ठिपका यांतला फरक कळेना, म्हणून डोळ्यांनीच मोजायचो. ठळक ठिपक्यांबद्दल कुणाचंच दुमत नसे. भांडण व्हायचं ते पुसट ठिपक्यांवरून. मी माझे फोटो मोजले आणि एका दिवसात ठिपके अगदी मूळच्या संख्येवर आलेले निघाले.

आमच्या सरांनी पडताळणी म्हणून तेच फोटो समोरच्या टेबलावरच्या मुलीला दिले. ती माझ्याहून दोन वर्षं पुढे, पुण्याचीच, नीटनेटकी, डब्यात रोज वेगळी चटणी आणून मला आग्रहानं वाढणारी. तिच्या मोजणीत एका दिवसानंतरही ठिपके वाढलेलेच राहिले. तिच्या स्वतःच्या प्रबंधाला हेच उत्तर सोयीचं होतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. माणूस उगाच चटणी वाढत नाही, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आज हे लिहिताना मला माझाच राग येतो, पण तेव्हा अशी खात्री वाटली होती खरी.

मग मला तिसरा माणूस हवा झाला, ज्याचा या भांडणाशी काही संबंध नाही असा. लॅबमध्ये तसा कुणी नव्हता. प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा. मी फोटोंचं पाकीट पिशवीत घातलं आणि शनिवारच्या गाडीनं भोरला आले. आई तेव्हा भातगिरणीत तांदूळ निवडायला जायची. डागी दाणा, अर्धा दाणा, खडा, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. असे डोळे पुण्यातल्या कुठल्या मशीनला होते?

अण्णांना काम समजावून सांगितलं तेव्हा पेशी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. "यात लबाडी कोन करतं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, की कुठला फोटो कुठल्या बशीतला हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. ते एकदम खुलले. सगळे फोटो पिसून त्यांनी मागं स्वतःच्या ठसठशीत अक्षरात आकडे घातले, कुठला आकडा कुठल्या बशीचा याची यादी केली आणि ती खिशात ठेवून वरून बटण लावलं. "तुला बी दाखवायचो न्हाई," म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

आई ओसरीवर उजेडाला बसायची आणि काडेपेटीतल्या काडीनं एकेक ठिपका दाखवत मोजायची. मी समोर वही घेऊन.

"बारा झालं. आन् ह्यो एक पुसट हाय बघ."

मी गप्प. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. आई क्षणभर थांबायची, मग एक तर तो धरायची किंवा सोडून द्यायची. असे तीन रविवार गेले. शेवटी अण्णांनी यादी काढली, आकडे जुळवले, आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. एका दिवसात ठिपके खाली.

सोमवारी मी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की समोरची मुलगी आकडे मुद्दाम वाढवते. "मुद्दाम" हा शब्द मी वापरला. सरांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "हे खरं असेल तर तिला इथं ठेवता येणार नाही." त्यांनी तिला बोलावून माझ्यासमोरच सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं, पण तिनं मला फक्त विचारलं, "तुझे फोटो कुणी मोजले?"

"माझ्या आईनं."

"तेव्हा तू कुठं होतीस?"

"समोरच. लिहून घेत होते."

"मग एकदा तू नसताना मोजून घे."

सरांनी होकाराची मान डोलावली. मला ती पळवाट वाटली. पण संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, म्हणून मी तयार झाले.

त्या रविवारी अण्णांनी फोटो पुन्हा पिसले, नवे आकडे घातले, यादी खिशात. आईजवळ फोटो आणि वही ठेवून मी अण्णांच्याच गाडीत बसून वेल्ह्याला गेले, मुद्दाम घराबाहेर राहायचं म्हणून. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. पाठीवर मोठाल्या सॅक घेतलेली, राजगडाला पालीच्या बाजूनं चढणारी पोरं गाडीत होती. सॅकच्या आड एखादा बिनतिकिटाचा बसलाय का, हे अण्णा वाकून बघत होते. मी पुढच्या सीटवर बसून सरांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. वेल्ह्यात चहा घेतला. त्या मुलीच्या जागी खिडकीजवळचं टेबल मला मिळेल, हाही विचार मी केला.

चार वाजता घरी आलो. आईनं सगळं मोजून ठेवलं होतं. अण्णांनी बटण काढलं, यादी उलगडली, मी आकडे मांडले. गप्प केलेल्या पेशींचे ठिपके वाढलेले, ठीक. विष धुतल्यावर एक दिवस ठेवलेल्या पेशींचेही जवळजवळ तेवढेच. त्या मुलीनं मोजले होते, तसे.

एवढं डोळ्यांसमोर असताना मी आईला काय विचारावं? "कुणी आलं होतं का इथं? पुण्याची एक मुलगी?"

"कोन येतंय हितं रविवारचं?" आई म्हणाली. "म्या एकलीच तर हाय सकाळधरनं."

"मग आधी कमी कसे आले होते?"

"तवा तू समोर बसायचीस की." तिला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "पुसट आला का म्या तुझ्याकडं बघायची. तुझं त्वांड पडलं का सोडून द्याची. गिरणीत बी तसंच अस्तंय. मालक हुभा असला आन् दाणा डागी निगाला, तर धरायचा का टाकायचा, ते मालकाच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. मागनं बोलणी खायला नगं."

अण्णांनी आकडे लपवले होते, पण फोटो माझेच होते. महिनाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढलेले. मागचा आकडा न बघताही कुठला कुठल्या बशीतला, हे मला ओळखू यायचं. जिथं ठिपके कमी हवेत, तिथं आईची काडी पुसटावर थांबली की माझा जीव वर-खाली होत असणार आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार. मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, तेवढा माझ्यावर घ्यायचा राहिला.

आणि तरीही मी आईवरच ओरडले. "मला खरं पाहिजे होतं!"

आई उठली, फोटो एकावर एक नीट लावले आणि माझ्या हातात दिले.

"मंग त्वांड तसं करायचंस," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी आधी सरांना सांगितलं, मग तिला. आईचं, गिरणीचं, तोंड बघण्याचं, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. ठीक आहे म्हणाली. कुठंही तक्रार केली नाही, उलट माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण नव्यानं लिहायला मदतच केली. एका दिवसात रिसेप्टर उतरत नाहीत, असा निष्कर्ष त्यात गेला. किती दिवसांत उतरतात, ते मला पीएचडी संपेपर्यंत सापडलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. हसायचो, बोलायचो, एकत्र चहाला जायचो. फक्त मी तिच्या टेबलाशी गेले की ती हातातले फोटो पालथे घालायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, मी बघत नाहीये."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि फोटो तसेच पालथे राहू दिले.