जेवायला पुरेसा वेळ

गणिताच्या मास्तरांना मुलं पाठीमागे ‘कडू सर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. उभ्या नोकरीत ते मुलांबरोबर कधी जेवले नाहीत. बायकोनं दिलेला डबा घ्यायचा, प्रयोगशाळेचं दार लोटायचं आणि एकट्यानं खायचं.

मग शाळेतल्या जेवणाचं नवं राष्ट्रीय धोरण आलं. मुलांना जे वाढतील तेच एका शिक्षकानं रोज त्यांच्या पंगतीत बसून खायचं, असा नियम झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांनाच पुढे केलं.

“बाई, मला कवळी आहे. चावायला वेळ लागतो.”

“मग सावकाश जेवा, सर. कोण मागे लागलंय?”

घरी बायको म्हणाली, “चला, सुटले एकदाची!” पण दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटेच उठून ती ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली.

मास्तर तोंड वाकडं करून पहिलीच्या रांगेत बसले. भात गरम होता, भाजीही बरी होती. पण चार घास पोटात जातात न जातात तोच घंटा झाली. शेजारची चिमुरडी भरलं ताट घेऊन उठली आणि मुकाट्यानं बादलीकडे निघाली.

“अगं, पोट भरलं का?”

“नाही. पण घंटा झाली ना!”

मास्तरांचा घास हातातच राहिला. पहिलीला वाढत सगळ्यांत शेवटी. त्यांचं ताट पुढ्यात येईतो सुट्टी संपत आलेली असे. बादल्या भरभरून अन्न परत जायचं, आणि मुलांना अन्नाची किंमत नाही म्हणून शिक्षक हळहळायचे.

“बस खाली,” मास्तर गरजले. “माझं आटपल्याशिवाय कुणी उठायचं नाही!”

कुणाची उठायची छाती? बाई धावत आल्या. “सर, तुमचाच तास बुडतोय.”

“बुडू द्या. उपाशी पोटी बेरीज कुणाच्या डोक्यात शिरलीय?”

बाईंनी रांगेकडे पाहिलं. चिमुरडी दोन्ही गाल फुगवून जेवत होती. मग त्या खोलीत जाऊन वेळापत्रक काढून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून लहानांना आधी वाढू लागले आणि सुट्टीही लांबली.

वेळापत्रक मोडलं म्हणून निरीक्षक जाब विचारायला आले. मास्तरांनी त्यांनाही पंगतीत बसवलं. ते पोटभर जेवले आणि जे पाहिलं ते त्यांनी वर कळवलं. इतर शाळांचंही तेच रडगाणं होतं. वर्षभरात धोरणात दुरुस्ती झाली: जेवायला पुरेसा वेळ देणं शाळांना बंधनकारक झालं.

आता स्वयंपाकीणबाईंची कुरकुर सुरू झाली. “सर, पोरं ताट पुसून खातात. तांदूळ पुरत नाही हो!”

“मग तांदूळ वाढवून मागू,” मास्तर म्हणाले, आणि चप्पल पायात सरकवून मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडे निघाले.