नवाथे सरांचे पाठकोरे कागद

प्रभाकर नवाथे सिल्वासाच्या आमच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवत होते, आणि त्यातली सतरा वर्षं ते विद्यापीठात पीएच.डी.चे विद्यार्थी होते. पदवी मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणी शेवटी पेढे वाटले जातील अशी वाट बघायला नको.

मूळचे गुहागरकडचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मी त्याच शाळेत शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाले. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, मीही म्हणायची. सोमवारी विचारायची, "काय डॉक्टर, काल किती शेतं झाली?"

ते खरंच बोटं मोजायचे. "सहा, बाई. एक आधी झालेलंच निघालं."

चेष्टा त्यांना कळायची नाही, की कळूनही उत्तर द्यावंसं वाटायचं, ते आता कोणाला विचारू?

त्यांचा विषय होता धरणात जाणाऱ्या एका गावातल्या शेतांची नावं. दमणगंगेवर धरण होत होतं. रविवारी पहिल्या बसने खानवेल आणि पुढे दोन तास पायी. त्या गावचा लखमा वारली त्यांना बांधाबांधाने फिरवायचा. शेताचं नाव सांगायचा, ते का पडलं ते सांगायचा, आणि सर उभ्याउभ्या लिहून घ्यायचे. तीन हिवाळे असं चाललं. मग पाणी चढलं. लखमाच्या घराला रांधा गावाजवळ जमीन मिळाली. तिला नाव नव्हतं, नंबर होता.

गेल्या फेब्रुवारीत सर वारले. ठाण्याहून त्यांचा पुतण्या प्रसाद आला, दिवसकार्य केलं आणि भाड्याची खोली रिकामी करायला निघाला. मला म्हणाला, "उषाताई, ह्या कागदांतलं मला काही कळत नाही. तुम्ही बघता का?"

बघितलं. दोन सकाळींत उरकलं. ढिलाई मला खपत नाही. एका पत्र्याच्या पेटीत विद्यापीठाची पत्रं होती, शिक्क्यांची, ती ठेवली. बाकी पलंगाखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे होते, जुन्या सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे. इयत्ता सातवी, भूगोल. इयत्ता सहावी, मराठी. स्टेन्सिलवर काढलेल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या. परीक्षा झाली की उरलेल्या प्रश्नपत्रिका निकालात काढायच्या असतात, हे मी ह्या माणसाला किती वेळा सांगितलं असेल. चिडून तीन पोती भरली आणि भंगारवाल्या झुंबरच्या हातगाडीवर चढवली. एकही सुतळी सोडली नाही.

पत्रं मात्र वाचली. सर स्वतःच्या पत्राखाली कार्बन घालून प्रत ठेवायचे, त्यामुळे दोन्ही बाजू समोर होत्या. पहिल्या मार्गदर्शकांचं पत्र: "आपली सर्व २१४ नावे पाठवू नयेत. उदाहरणादाखल बारा पुरेत." सरांनी बारा पाठवली. ते मार्गदर्शक निवृत्त झाले. नव्यांनी कळवलं की हा विषय मराठीचा नसून भूगोलाचा वाटतो. मुदतवाढीचे सहा अर्ज. एका अर्जात कारण लिहिलं होतं, "पत्नीचे आजारपण"; त्यापुढच्या अर्जात ते कारण नव्हतं. शेवटी विद्यापीठाचं छापील पत्र, नोंदणी रद्द. त्याला सरांचं उत्तर एका ओळीचं: "नोंदणी रद्द झाल्याचे समजले. काम चालू आहे."

ह्यावर मी हसले होते. कसलं काम, गाव तर कधीच बुडालं.

सप्टेंबर संपता संपता सोनी आली, लखमाची मुलगी. पन्नाशीची असेल, मसाटला कारखान्यात पॅकिंगला जाते. कडेवरच्या पिशवीत चवळीच्या शेंगा.

"बाई, सरांचे कागद तुमच्याकडं आहेत म्हणतात. आमचं नवं खायचं आलं."

"नव्या भाताचा आणि सरांचा काय संबंध?"

तिने पिशवी खाली ठेवली. मग सांगितलं. त्यांच्या घरात नव्या पिकाचा पहिला दाणा देवापुढे ठेवायच्या आधी गावातल्या सगळ्या शेतांची नावं घेतात, वेशीपासून नदीपलीकडे, ओळीने. घरातली थोरली बाई तोवर दाणा मुठीत धरून बसते. बुडालेल्या गावाचीही लखमा घ्यायचा, तोंडपाठ. बारा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून सर येऊन वाचायचे.

दसऱ्याच्या आसपास एक दिवस ते शहरातून गायब असायचे. मला वाटे, कुठेतरी जेवायला जातात. तसं तोंडावर म्हटलंही होतं.

"तुम्ही कोणी पाठ नाही केली?"

"सर होते ना." ती म्हणाली, "मला नऊ येतात. भावाला तेवढीपण नाय. आय ऐकली की ओळखते, आपणहून सांगता येत नाय. ते पुरुषांनी घ्यायचं."

"सोनी, मी सगळं बघितलं गं. अशी वही नव्हती."

"वही कुठली? प्रश्नाचे पेपर असायचे. पाठीमागं कोरे, त्यावर लिहायचे. बापूस चिडवायचा, सर, पोरं परीक्षेला नाय आली की आमची शेतं वाढतात."

मी खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी झुंबरला घेऊन मसाटला गेले, पुठ्ठे बनवतात त्या कारखान्यात. फाटकावरचा माणूस भला होता. "मावशी, फेब्रुवारीचा माल? आमच्याकडे रद्दी आठवडाभरही टिकत नाही." झुंबर परतताना म्हणाला, "तुम्हीच घाई केली, बाई. मी म्हटलेलं, वजन चांगलं आहे, एकदा बघून घ्या." खरंच म्हणाला होता.

सोनीला मी सरळ सांगितलं, मी दिले, न बघता दिले. आडवळणाने सांगण्यात अर्थ नव्हता.

"बापूस म्हणायचा, कागदाला वाळवी लागंल," ती म्हणाली. "तुमचं नाव नव्हतं घेतलं त्यानं."

मग पेटीतून ते बारा नावांचं पत्र काढलं. मी वाचत गेले. "उपाशी: कितीही पेरले तरी दाणा कमीच. जावयाचा माळ: जावयाने नांगरला, सासऱ्याने परत घेतला. रडकी: हिच्यात उन्हाळ्यातही पाणी झिरपते." रडकीला ती हसली, आणि लगेच तोंडाला पदर लावला. तिच्या नवांतली चार ह्या बारांत होती. मिळून सतरा. मोठ्या अक्षरात ती नव्या कागदावर लिहिली, एका बाजूला, आणि तिच्या हातात दिली.

"तुम्हीपण या," ती म्हणाली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

रांध्याला गेले. मागच्या भिंतीशी देव, पुढे सुपात नवा भात. सोनीची आई बुधी पाटावर बसली, मूठभर दाणा उचलला आणि डोळे मिटले. भाऊ नीलेश कारखान्याच्या गणवेशातच आला होता. त्याने कागद धरला आणि वाचायला लागला. आवाज चांगला होता. रडकी आली, उपाशी आलं. एक मिनिटही लागलं नसेल. त्याने कागद उलटून बघितला, मागे काही नव्हतं, मग घडी करून खिशात ठेवला.

म्हातारी हलली नाही.

"आये, ठेव," सोनी म्हणाली. "झालं."

"झालं कसं?" बुधी डोळे न उघडता म्हणाली. "अजून नदीसुदीक आली नाय."

म्हातारी मूठ तशीच धरून बसली होती.