जोझेतचं नाक

दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या उझेस गावच्या शनिवारच्या बाजारात जोझेत व्हियालाकडून खरबूज घ्यायचं म्हणजे आधी उलटतपासणी. "कधी खाणार? आज दुपारी, आज रात्री, की उद्या?" नुसतं "एक द्या" म्हणून चालत नाही. दुपारचं खरबूज वेगळं, रात्रीचं वेगळं, उद्याचं त्याहून वेगळं. उत्तर मिळालं की ती एक उचलणार, देठाशी अंगठा दाबणार, बुडाला नाक लावणार, नाक मुरडून खाली ठेवणार आणि दुसरं उचलणार. गिऱ्हाइकानं हात लावायचा नाही. एकदा पॅरिसच्या कुणा बाईनं लावला, तर जोझेत म्हणाली, "बाई, मी तुमच्या नवऱ्याचे गाल दाबून बघितले का?"

मी सोलांज. तिच्या शेजारी, त्याच चिनाराच्या सावलीत माझी ऑलिव्हची पिंपं. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी आहोत आणि एकोणीस वर्षं भांडतोय. तिच्या दुकानावरच्या मोठ्या छत्रीचं टोक माझ्या डोक्यात घुसतं आणि माझ्या ऑलिव्हमधल्या लसणाचा वास तिच्या फळांना लागतो, असं चालूच. फक्त ड्यूकच्या गढीचा बुरूज बघत वर माना करून चालणारे पाहुणे माझ्या पिंपावर आदळले, की त्यांच्यावर मात्र आम्ही दोघी एका सुरात ओरडतो.

यंदा जूनमध्ये समोरच्या कोंबड्या भाजणाऱ्याच्या शेगडीत चरबी पेटली. सगळ्या चौकात असा जळका वास सुटला म्हणता! कारंज्यापाशी बसलेले लोकसुद्धा नाकाला रुमाल लावून उठले. जोझेतची तिकडे पाठ होती. ती आपली निवांत खरबुजं रचत होती.

"अगं, वास नाही का येत तुला?" मी ओरडले.

"कसला?" ती म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा पडला.

मग तिनं सांगितलं. हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून वास गेलाय. डॉक्टर म्हणतो, येईल कदाचित, कदाचित नाही येणार.

"मग निवडतेस कशी?"

"अंगठ्यानं, वजनानं आणि देवाच्या भरवशावर. कुणाला बोललीस तर बघ! आणि ऐकून ठेव, सोलांज, ज्या दिवशी मी कुणाला कच्चं दिलं असं कळेल, त्या दिवशी ही छत्री मिटली. एकेचाळीस वर्षं इथे उभी राहिले ती काय लोकांची फसवणूक करायला?"

मी लगेच माझ्या पिंपांकडे वळले. कारण आदल्याच शनिवारी तिनं दिलेलं खरबूज मला काकडीसारखं लागलं होतं, आणि वर मी तिला "काय गोड होतं गं!" असं सांगून मोकळी झाले होते.

मी आपली गुपचूप चौकशी केली. पाववालीला विचारलं, औषधांच्या दुकानातल्या पोरीला विचारलं. सगळ्यांच्या घरी कच्ची नाहीतर उतरलेली खरबुजं गेली होती, आणि सगळ्यांनी तिच्या तोंडावर तारीफ केली होती. एवढं गाव, पण खरं बोलायला एकाची जीभ उचलेना. त्यात मीही आलेच, दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? आणि तारीफ तरी बेतानं करावी! पूर्वी लोक "बरं होतं" एवढंच म्हणायचे, आता जो तो साखर आणि मध यांच्याखाली बोलेना. जोझेत काही दुधखुळी नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी साडेदहाला नेहमीप्रमाणे फाब्रेगूल गुरुजी आले. वय अठ्ठ्याऐंशी. मला पाढे त्यांनीच शिकवले, कान पिरगाळून. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून जाळीच्या पिशवीत एकच खरबूज नेतात, आणि ते त्याच दुपारी खायचं.

"गुरुजी, मागचं कसं निघालं?" जोझेतनं विचारलं.

"वा! अगदी मध."

"मध?" तिनं कमरेवर हात ठेवले. "ते मी शेतकऱ्याकडून मुद्दाम मागून आणलं होतं. डुकरांना टाकतात त्यातलं! सुरी चालणार नाही त्यावर. आणि तुम्ही मला मध सांगता?"

रांगेतल्या लोकांनी माना पुढे काढल्या. गुरुजी पिशवीच्या जाळीशी चाळा करत राहिले.

"जन्मभर पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून शिकवलंत. मला एकदा सांगायला काय झालं होतं? सगळा गाव माझ्या पाठीमागे हसत असेल. ही सोलांजसुद्धा!"

कपाळ माझं! खाली मान घालून ऑलिव्ह ढवळत बसले. तेवढ्यात तिनं छत्रीच्या दांड्याला हात घातला. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. तिनं माझा हात झटकला.

तेव्हा गुरुजी बोलले. वर्गात बोलायचे तसंच, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं.

"कुणी हसलेलं नाही, जोझेतबाई. निदान माझं सांगतो. माझ्या तोंडात दात किती उरलेत? दोन फोडी खातो, बाकीचं शेजारणीचे ससे खातात. गोड काय नि कच्चं काय! पण एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत 'कधी खाणार' असं मला विचारणारं माणूस एकच आहे. खरं बोललो असतो, तर तुम्ही छत्री मिटून घरी बसला असता. तुमचा स्वभाव काय मला ठाऊक नाही? मग मी कुठे गेलो असतो?"

जोझेतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? तिनं अ‍ॅप्रननं नाक पुसलं.

"आणि सोमवारी कधी जेवता?" तिनं विचारलं.

गुरुजी पुन्हा पिशवीच्या जाळीकडे वळले.

"मंगळवारी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पन्नास वर्षं मी त्या माणसाला ओळखते, पण ते असे न जेवता दिवस काढतात, हे मला कधी कळलं नव्हतं.

"सोलांज," जोझेत माझ्यावर खेकसली, "बघत काय उभी राहिलीस? रांग सांभाळ. कच्चं निघू शकतं असं स्पष्ट सांगून दे." मग तिनं स्वतःचं स्टूल गुरुजींपुढे सरकवलं, डब्यातले भरले टोमॅटो काढले, आणि सकाळचे पावणेअकरा वाजले असताना त्यांना जेवायला बसवलं.